हक्काच्या रजेचे दिवस

नवीन मॅडम कारखान्यात आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी पॅकिंग विभागातल्या सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "गेल्या वर्षी पगारी रजा कुणी कुणी घेतली?"

एकही हात वर गेला नाही. उलट पुढच्या बाकावरचे दोघेतिघे एकमेकांकडे बघून हसले. आमच्यात रजा न घेणं ही मिरवायची गोष्ट होती. आजारपण, लग्न, मयत, एवढ्यापुरती सुट्टी काढायची आणि हक्काची रजा वर्षाच्या शेवटी कंपनीला विकून टाकायची, असाच रिवाज पडला होता.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. गोळ्यांच्या पट्ट्या तयार करणारं मशीन माझ्याकडे असतं. वरून गोळ्या उतरतात, बाजूने फॉइल येते, मशीन दोन्ही दाबून पट्टी कापतं. काम अवघड नाही, पण नजर हटवून चालत नाही. मी मूळचा मुरब्याचा. घरी होडी होती, पण वडिलांनीच मला समुद्रापासून लांब ठेवलं. लग्न झाल्यावर मी आणि माझी बायको उमरोळीला राहायला आलो, म्हणजे कारखाना जवळ पडेल. ती पण मुरब्याचीच, आमच्याच आळीतली. मुलगी लग्न होऊन सफाळ्याला गेली, त्यानंतर घरात आम्ही दोघंच होतो. दोघं म्हणायचं, पण मी पाळीला, जादा पाळीला, आठवड्याच्या सुट्टीलाही बहुतेक वेळा कामाला. घरी ती एकटीच असायची. शिवणाचं मशीन होतं, आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची.

मॅडम चाळिशीच्या असतील. आवाज हळू, पण शब्द पक्के. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. म्हणाल्या, "मी मागच्या सहा महिन्यांच्या खराब पट्ट्यांचे आकडे बघितले. दिवाळीनंतर, सगळे सुट्टीवरून आलेले असतात, तेव्हा खराबा सगळ्यात कमी. मग तो वाढत जातो. मशीन तेच, फॉइल तीच. बदलतो तो माणूस. तुम्ही दमलेले असता, आणि दमलेला माणूस जागा असला तरी त्याला दिसत नाही."

माझा जोडीदार शेजारच्या मशीनवर होता. मासवणचा, माझ्यापेक्षा वयाने लहान. त्याने उभं राहून विचारलं, "मॅडम, मी रजेवर गेलो तर माझं मशीन कोण चालवणार? दादांवरच पडणार ना?"

दादा म्हणजे मी. त्याचं म्हणणं खरं होतं. रजा न घेण्याचं आमचं खरं कारण तेच होतं. एक गेला की त्याचा बोजा शेजारच्यावर. रजा मागायची म्हणजे रोज ज्याच्या डब्यातलं खातो त्याच्याच पाठीवर गोणी ठेवायची.

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या, "आधी प्रत्येक मशीन आणखी दोघांना आलं पाहिजे. मग रजा."

मालकांना ते पटलं नव्हतं, असं नंतर ऐकलं. सगळ्यांना घरी पाठवून माल कोण काढणार, असं ते म्हणाले म्हणे. मॅडमनी एक मोसम मागून घेतला आणि सगळ्यात आधी त्या स्वतः रजेवर गेल्या. फोन बंद. आम्ही वाट बघत होतो की काहीतरी अडेल आणि त्यांना धावत यावं लागेल. काही अडलं नाही.

मग शिकवणं सुरू झालं. मी जोडीदाराला माझं मशीन दाखवलं, त्याने मला त्याचं. माझ्या मशीनचा साचा बदलायची पद्धत बघून तो म्हणाला, "दादा, हे दोन बोल्ट आधी सैल केले तर बाकीचं एका हाताने निघंल." इतकी वर्षं मी ते उलटं करत होतो. त्या एका गोष्टीने साचा बदलायचा वेळ निम्म्यावर आला. भातलावणीच्या दिवसांत तो रजेवर गेला. त्याआधी दर वर्षी त्याची बायको त्याच्याशिवाय, शेजाऱ्यांना घेऊन लावणी करायची. परत आला तेव्हा नखांत चिखल होता आणि चेहरा असा, की जणू कुणी धुऊन वाळत घातला असावा. त्या महिन्यात त्याच्या मशीनवरचा खराबा विभागात सगळ्यात कमी निघाला. मॅडमनी फळ्यावर आकडा लिहिला आणि खाली काहीच लिहिलं नाही. आम्हाला कळलं.

माझी पाळी आली तेव्हा मी टाळाटाळ केली. म्हटलं, मला कुठे जायचं आहे? मॅडम म्हणाल्या, "कुठे जायला हवं असं कुणी सांगितलं? घरी बसा."

घरी सांगितलं तर बायको हातातली कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"काढून टाकलं काय तुमाला?"

"नाय गं. रजा हाय. पगारी."

"पगार देऊन घरी बसवतात?"

"नवीन मॅडम आल्यात. त्यांचं म्हणणं, माणूस ताजा असला की काम चांगलं होतं."

"मंग इतकी वरसं कुठं होत्या त्या?" ती म्हणाली आणि परत कापडाकडे वळली. पण तिला बरं वाटलं होतं. त्या संध्याकाळी तिने कोळंबी आणली.

पहिल्या दिवशी सकाळी मला घरात काय करायचं तेच कळेना. खुर्ची इकडची तिकडे केली. नळाचा वायसर बदलला. मग ओटीवर बसून तिच्याकडे बघत राहिलो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसभर ती काय करते हे मी कधी बघितलं नव्हतं. सकाळी डबा देणारी आणि संध्याकाळी दार उघडणारी, एवढीच ती मला माहीत होती. मधली बाई मी पहिल्यांदा बघत होतो.

ती झाडत होती आणि झाडता झाडता भिंतीला धरून थांबली. मला वाटलं, काहीतरी आठवत असेल. मग धुणं वाळत घालताना परत थांबली, आणि पायरीवर बसली. एक हात पोटावर. थोड्या वेळाने उठली आणि जणू काही झालंच नाही अशी पुढचं कापड झटकायला लागली. दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा तिने भात वाढून घेतला, चिवडला आणि ताट बाजूला सारलं.

"जेवत का नाय?"

"मी दुपारी इतकंच जेवते."

"कधीपासून?"

"असंच हाय हल्ली."

"आणि ते पोट धरून बसतेस ते?"

ती हसली. "तुमी काय मशीनवर बसलाव? जरा इकडं तिकडं बघा."

मी दुसऱ्या दिवशीही तिच्याकडेच बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी तिला पालघरला डॉक्टरकडे नेलं. ती यायला तयार नव्हती, रजेचे दिवस दवाखान्यात कशाला घालवता म्हणाली. डॉक्टरांनी हाताने पोट तपासलं आणि सोनोग्राफी करायला सांगितली. तिथून मुंबईला पाठवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला आत बोलावलं. पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. औषधांनी दुखणं कमी ठेवता येईल, ते म्हणाले. मी विचारलं, किती. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "पुढचा पावसाळा गाठणं कठीण वाटतं."

बाहेर आलो तर ती शेजारच्या बाईला ब्लाउजच्या बाहीचं माप कसं घ्यायचं ते समजावून सांगत होती. मला बघून उठली. उमरोळीला उतरल्यावर ती म्हणाली, "तुमचं तोंडच सांगतंय. आता सांगून टाका."

सांगितलं. ती रस्त्याच्या कडेला थोडी थांबली. मग म्हणाली, "घरी चला. दूध तापवायचं राहिलंय."

त्यानंतर रजा हा शब्द माझ्यासाठी बदलला. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी त्या वर्षाची उरलेली रजा आणि पुढच्या वर्षाची, सगळी मला लागेल तशी तुकड्यातुकड्याने घेऊ दिली. कुणाला विनवावं लागलं नाही. माझं मशीन आता तिघांना येत होतं. मासवणचा जोडीदार, ज्याला मी शिकवलं होतं, तो माझ्या जागी उभा राहायचा आणि त्याच्या जागी तिसरा. मी आठवड्यातले काही दिवस कामाला जायचो, काही दिवस घरी. कामाला असलो की मन लावून करायचो. मला आत कुठेतरी वाटायचं, माझ्या हातून एकही पट्टी खराब जाऊ नये. का, ते सांगता येणार नाही. आमच्या विभागातून त्या काळात सगळ्यात चांगला माल निघाला. लोक खूश होते, रजेवर जात होते, येत होते, कुणी गावाहून फणस आणायचं, कुणी काजू.

घरी मी स्वयंपाक शिकलो. ती पलंगावरून सांगायची, मी करायचो. बोंबलाचं कालवण पहिल्यांदा केलं तेव्हा बोंबील विरघळून गेले.

"हलवलात ना चमच्याने?" ती म्हणाली. "बोंबील हलवायचा नाय. टोप उचलून फिरवायचा."

"तू आधी सांगितलं नाय."

"तुमी विचारलं नाय."

तरी तिने दोन घास खाल्ले. दुपारचं असं समोरासमोर बसून जेवणं आमच्या दोघांच्या आयुष्यात फार थोडं झालं होतं. ती हे मोजत नव्हती, मीच मनात मोजायचो. एकदा ती म्हणाली, "मला वाटायचं, तुमाला घरात करमतच नाय. मशीनचीच आवड हाय."

"मला वाटायचं, तुला मी घरात नसलेलाच बरा."

"येडेच आपण दोघं," ती म्हणाली, आणि हसताना दुखलं म्हणून थांबली.

मुलगी सफाळ्याहून अधूनमधून येऊन जायची. थंडी सरत आली तेव्हा बायकोची आई मुरब्याहून आमच्याकडे राहायला आली. माझी सासू, पण एकाच आळीत वाढल्यामुळे मी तिला लहानपणापासून मावशीच म्हणतो. वय झालेलं, पाठ वाकलेली, पण मुलीचं अंग पुसणं, तिला कुशीवर वळवणं, हे ती मला करू द्यायची नाही. "तू बाजूला हो, माझी पोर हाय," म्हणायची. मी बाजूला व्हायचो आणि दाराशी उभा राहायचो.

शेवटच्या काही दिवसांत मी रजेवरच होतो. एके सकाळी ती बरीच शांत होती. दुखणं कमी होतं. चहाचे दोन घोट घेतले आणि म्हणाली, "आज जा कामाला."

"कशाला? रजा हाय."

"माझं तोंड बघून बघून तुमचं तोंड कसं झालंय बघा. जा. आई हाय माझ्याजवळ. दुपारी या, मंग बसू."

मी गेलो. ती सांगत होती म्हणून गेलो, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटतंय याचा मला आनंद झाला होता. मशीन सुरू केलं. पहिल्या चहाच्या सुट्टीनंतर थोड्याच वेळात मॅडम आत आल्या. पॅकिंगमध्ये यायचं तर डोक्याला टोपी, अंगात कोट, पायांत कव्हरं घालावी लागतात. त्यांनी ते सगळं घातलं होतं. पण एरवी त्या इतक्या घाईघाईत कधी येत नसत. त्यांना बघून मला कळलं.

त्या काही बोलायच्या आत जोडीदार त्याच्या मशीनवरून माझ्याजवळ आला. त्याने माझ्या हातावर हात ठेवला, माझा हात बटणावरून उचलला आणि स्वतःचा तिथे ठेवला. त्याच्या जागी तिसरा जाऊन उभा राहिला. मशीन थांबलं नाही. थांबू नये म्हणूनच तर आम्ही सगळे शिकलो होतो. मी कोट काढत होतो आणि मागे पट्ट्या पडत होत्या, एकामागून एक, एकही वाकडी नाही. त्या क्षणी मला वाटलं, निदान एवढं तरी थांबायला हवं होतं.

मॅडमनी मला त्यांच्या गाडीतून घरी आणलं. घरी मावशी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "पाणी मागितलं. दिलं. मंग म्हणाली, ते दुपारी येतील, जेवणाचं बघ. तेवढंच."

दिवसकार्य झालं की मी लगेच कामावर आलो. घरात बसवत नव्हतं. जादा पाळी मागितली तर मॅडमनी दिली नाही. पावसाळ्यात वसाहतीतल्या काही कारखान्यांच्या व्यवस्थापकांची एक बैठक झाली. आमच्याकडचं रजेचं बघून बाकीच्यांना ते करावंसं वाटत होतं. मॅडमनी मला विचारलं, दोन शब्द बोलाल का? जमत नसेल तर नको. मी हो म्हटलं.

मोठ्या टेबलाभोवती माणसं बसली होती, समोर पाण्याच्या बाटल्या. मी उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, पण ते आठवलं नाही. म्हणालो, "मी कधी रजा घेत नव्हतो. या मॅडमनी घ्यायला लावली. घरी बसलो म्हणून मला दिसलं की माझी बायको आजारी आहे. ती वाचली नाही. पण तिच्याबरोबर मला जे दिवस मिळाले, ते त्या रजेमुळे मिळाले. नाहीतर मला एक दिवस फोनच आला असता."

एकजण खाली बघत पेन फिरवत होता. त्याने विचारलं, सौम्यपणेच विचारलं, "आणि उत्पादन? त्या काळात उत्पादन कमी नाही झालं?"

"नाही," मी म्हणालो. "वाढलं."

त्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं. मी खाली बसलो. माझं उत्तर खरं होतं, तरी ते माझ्या तोंडून निघाल्यावर मला कसंतरीच झालं. तिच्या आजारपणाच्या महिन्यांत आमचा विभाग पहिला आला होता, आणि ती चांगली बातमी होती. कुणाचं काही चुकलं नव्हतं.

नवीन वर्ष लागलं. मॅडमनी बोलावलं. "या वर्षीची तुमची एकही रजा तुम्ही लावलेली नाही."

"मॅडम, मला नको आहे. माझी कुणाला देता येत असेल तर द्या."

"देता येत नाही."

"मग कुणासाठी घेऊ? घरी कोण आहे?"

त्यांनी समोरची रजेची वही मिटली. मग म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. पण तुमच्यासाठी नियम बदलला तर उद्या सगळेच परत पहिल्यासारखे व्हायला लागतील. तुमच्याकडे बघून लोक रजेवर जातात. तुम्ही जा."

मी गेलो. पहिला दिवस घरात काढला. टोपात आमटी करताना चमचा बाजूला ठेवून टोप उचलून फिरवला. शिवणाच्या मशीनवर चादर घातलेली होती, ती झटकून परत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुरब्याला निघालो.

मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, कधीपासूनच. मुलगी आजारी असताना तिने त्याचं नावही काढलं नव्हतं, आणि नंतर तिला घेऊन जायला कुणाला वेळ नव्हता. तिचे मुलगे दर्यावर, सुना मासळी घेऊन बाजाराला. मी म्हटलं, "मावशी, माझी रजा हाय. चल, डोळे करून आणू."

"आता काय बघायचंय मला?" ती म्हणाली. पण आली.

एका डोळ्याचं ऑपरेशन पालघरला झालं. मी दोन दिवस तिच्याजवळ थांबलो, डबा नेला, औषधाचे थेंब घातले. पट्टी निघाल्यावर तिला रिक्षाने मुरब्याला घेऊन आलो. रस्ताभर ती काळा चष्मा थोडा खाली करून बाहेर बघत होती आणि मी चष्मा वर सरकवत होतो. घरी पोचल्यावर तिने मला ओटीवर उजेडात उभं केलं.

"इतका वाळलास तू?" ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाय."

"उन्हातान्हात फिरतो, म्हणून."

"कारखान्यात कुठलं ऊन रं."

मग ती आत गेली. भिंतीवर तिच्या लेकीचा, हार घातलेला फोटो होता, आजारपणाच्या बराच आधीचा, नात्यातल्या लग्नात काढलेला. गाल भरलेले, केसांत अबोलीचा गजरा. मावशीने मला तो खाली काढून द्यायला सांगितलं. दाराशी बसून मांडीवर घेतला आणि चष्मा काढून अगदी जवळ धरून बघितला.

"अंग पुसताना हाताला नुसती हाडं लागायची," ती म्हणाली. "पण तोंड मला दिसत नव्हतं. नुसतं धुकं. तोंड असंच होतं ना रं तिचं? शेवटपर्यंत?"

मी तिच्या शेजारी बसलो.

"असंच होतं, मावशी," मी म्हणालो.

तिने पदराने काच पुसली आणि फोटो माझ्या हातात दिला. मी उठून तो परत खिळ्याला लावला. दुपार व्हायला आली होती. सुना अजून बाजारातून आल्या नव्हत्या, म्हणून मी चूल बघायला आत गेलो.